दशा निघू नयेत म्हणून

खणाचा ब्लाउजपीस एकदा धुऊन वाळत घातला की कापलेल्या कडेला मिशा फुटतात. हात लावला तर अख्खा धागा सरकन हातात येतो आणि त्याच्या मागचा लगेच लोंबायला लागतो. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं हे कापड महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी येत आलंय. आता त्याचे कुर्ते होतात, बटवे होतात, उशांचे अभ्रे आणि दाराची तोरणंसुद्धा होतात. जितके तुकडे जास्त, तितक्या कापलेल्या कडा जास्त, आणि कडा जास्त म्हणजे दशाही जास्त.

यावर सोपं उत्तर आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन इंटरलॉक मारून आणायचं. जवळ सोय असेल तर जरूर आणा, त्यात कमीपणा नाही. पण हातभर तुकड्यासाठी दुकानदार यंत्राचा दोरा बदलत नाही, आणि हिरव्या खणाला पांढरी इंटरलॉक येते. मलमल किंवा शिफॉनसारख्या तलम कापडाच्या कडा यंत्राखाली ताणल्या जाऊन लाटांसारख्या होतात. परदेशात राहणाऱ्यांची अडचण वेगळी, तिथे ब्लाउजची एक शिवण दुरुस्त करून घ्यायची तर नव्या ब्लाउजइतके पैसे पडतात. मेरो कंपनीने अमेरिकेत कनेटिकट राज्यात ओव्हरलॉकचं, म्हणजे आपल्या इंटरलॉकचं, यंत्र आणलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी जगातले बहुतेक कपडे हातानेच कडा बांधून टिकत होते, आणि ते आपल्या कपड्यांपेक्षा जास्त वर्षं वापरले जात होते.

हाताने कड बांधणाऱ्यांचा एक समज असतो, की दोरा जितका घट्ट ओढू तितकी कड पक्की. प्रत्यक्षात उलटं होतं. घट्ट ओढलेला दोरा कड गोळा करतो आणि दशा तशाच राहतात. दशा अडतात त्या टाका कापडात किती आत गेला आणि दोन टाक्यांत किती अंतर आहे, यावर. टाका खोल हवा, जवळ हवा, आणि सैल हवा. पुढचं सगळं या तीन गोष्टींभोवतीच आहे.

विणलेल्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना धरून असतात. थानाच्या दोन्ही बाजूंच्या काठाशी आडवा धागा पोचून परत फिरतो, म्हणून काठाला दशा नसतात. कात्री चालली की मात्र कडेला समांतर असलेल्या शेवटच्या धाग्याला बाहेरच्या बाजूने धरणारं काही उरत नाही. तो निसटतो. रेशीम, सॅटिन, रेयॉन यांचे धागे गुळगुळीत, म्हणून लवकर निसटतात. लिनन, तसर, चंदेरी, हातमागाची जाड खादी यांची वीण मोकळी, म्हणून तीही सुटतात. पॉपलिन, केंब्रिक, टू बाय टूचा ब्लाउजपीस ही कापडं त्या मानाने गुणी. होजिअरीला दशाच निघत नाहीत, कारण ते विणकाम फासांचं असतं. तिची कड फक्त गुंडाळली जाते. आणि कोणतंही कापड उरेप कापलं, म्हणजे धाग्यांना तिरकं, तर कडेला समांतर धागाच नसल्याने दशा नावापुरत्या निघतात.

आपल्या हातातलं कापड कोणत्या जातीचं आहे हे कळायला एक साधी परीक्षा आहे. कापलेल्या कडेवरून नख पाच-सात वेळा बाहेरच्या दिशेने खरवडा. एखादा धागा आला तर शिवून झाल्यावर सावकाश कड बांधली तरी चालेल. तीन-चार धागे आले तर शिवण्याच्या आधी, सुटे भाग असतानाच प्रत्येक भागाची कड बांधून घ्या. खण बहुतेक वेळा या दुसऱ्या गटात येतो.

कात्री लावण्याआधी

शिवणातली कडेची जागा, म्हणजे माया, किती सोडायची हे कड कशी बांधणार यावर ठरतं, म्हणून तो निर्णय आधी घ्यायचा. आपल्याकडचे शिंपी इंच आणि सूत वापरतात. ८ सूत म्हणजे १ इंच. पॉपलिनला ४ सूत माया पुरते. खणाला आणि तसरला ६ सुतांच्या खाली उतरू नका. ब्लाउजला बाजूच्या शिवणीत पुढे सैल करायला माया ठेवतोच, तिथे १ इंच असेल तर कडेचाही प्रश्न निम्मा सुटतो. दशांना टिपेपर्यंत पोचायला लांबची वाट चालावी लागते.

नवं सुती कापड आकसून घ्यायला भिजवायचं असतं, आणि नेमक्या त्याच भिजवण्यात, चोळण्यात, पिळण्यात दशांचा पहिला गुंता होतो. पाण्यात घालण्याआधी दोन्ही कापलेल्या बाजूंना लांब लांब टाक्यांचा कच्चा दोरा कडेवरून गुंडाळत घाला. दहा मिनिटांचं काम आहे, आणि नंतर तो दोरा एका ओढीत निघतो.

कापताना धाग्याला धरून कापलं तर कड निम्मी आटोक्यात राहते. साडीतून ब्लाउजपीस वेगळा करताना हे करून बघा. जिथे कापायचं तिथे काठाला बारीकशी चीर द्या, एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचला आणि चिमटीत धरून हळूहळू ओढा. कापड धाग्यावर गोळा होत जाईल, ते दुसऱ्या हाताने पुढे सरकवत राहा. धागा निघाला की त्याच्या जागी एक बारीक मोकळी रेघ दिसते. कात्री त्या रेघेतून चालवा. धागा मध्येच तुटला तर तिथपर्यंत कापून घ्या आणि पुढचं टोक पुन्हा उचला. डोळ्याच्या अंदाजाने केलेला काप दोन-तीन सुतांनी तिरका जातो, आणि मग तो सरळ होईपर्यंत कापड स्वतःहून दशा सोडत बसतं.

नागमोडी कात्रीबद्दल पुष्कळ जण विचारतात. तिने कापलेली कड सगळी लहान लहान तिरक्या कापांची असते, त्यामुळे पॉपलिनवर ती बरीच चालते. खणावर चार धुण्यांत तिचे दाते झिजून जातात. तिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नका.

सुई आणि दोरा

सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. मलमल, शिफॉन, टू बाय टू यांना ९ किंवा १० नंबरची, खणाला ८, जाड खादीला किंवा डेनिमला ६ किंवा ७. जाड सुई तलम कापडात भोक पाडते आणि कडेजवळचं भोक म्हणजे निसटायला तयार असलेला धागा.

दोरा एकेरी घ्या. दुहेरी दोऱ्याने कड पक्की होत नाही, जाड होते, आणि इस्त्री केली की तिचा वळ सुलट बाजूवर उमटतो. लांबी हातभर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, फार तर थोडी जास्त. लांब दोरा घेऊन वारंवार ओवण्याचा कंटाळा वाचतो असं वाटतं, पण तो वेळ गुंता सोडवण्यात जातो. सुती दोरा सारखा पीळ खात असेल तर मेणाच्या वडीवरून एकदा ओढा, मग दोन कागदांच्या मध्ये ठेवून वरून इस्त्री फिरवा, म्हणजे मेण दोऱ्यात मुरतं आणि कापडाला डाग पडत नाही. अंगुस्तान घालायचा कंटाळा करू नका. खणाच्या काठाजवळ वीण दाट असते, तिथे सुईची मागची बाजू बोटात घुसते.

तिरका टाका

शिवणवर्गात याला ओव्हरकास्टिंग म्हणतात. कडेवरून दोरा तिरका गुंडाळत जायचा, इतकंच. शिकायला पाच मिनिटं लागतात, पण बहुतेकांचा तो पहिल्या धुण्यातच निकामी होतो, म्हणून त्याच्याजवळ जरा थांबूया.

आधी कडेपासून अडीच सूत आत बारीक धावदोऱ्याची एक ओळ घाला. टाके तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. ही ओळ म्हणजे दशांची हद्द. पुढे तिरके टाके झिजले, एखादा तुटला, तरी धागे या ओळीच्या पलीकडे सहजी जात नाहीत. पॉपलिनला ती वगळली तर बिघडत नाही. खण, तसर, लिनन असेल तर वगळू नका. मग कडेला लोंबणाऱ्या दशा कात्रीने साफ करा. ओढू मात्र नका, एक ओढली की तीन येतात.

आता सुरुवात. गाठ कडेला नको, कारण कडेचे धागेच सुटायला बसलेले असतात आणि गाठ त्यांच्याबरोबर निघून येते. ती धावदोऱ्याच्या ओळीवर, उलट बाजूला घ्या. गाठीऐवजी एकाच जागी दोन बारीक टाके घेतले तर त्याहून चांगलं, वळ उमटत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी उजवीकडून डावीकडे जावं. सुई कापडाच्या मागून पुढे काढा, दोरा कडेवरून मागे न्या, दीड सूत पुढे सरकून पुन्हा मागून पुढे. डावखुऱ्यांनी दिशा उलटी करावी.

सुई कडेपासून किती आत काढायची, तर २ सूत. आणि इथे खरी मेख आहे. सगळे टाके बरोबर २ सुतांवर घेतले, तर सगळी भोकं एकाच आडव्या धाग्याच्या रेषेत येतात. तो धागा सरकला की अख्खी ओळ त्याच्याबरोबर सरकते, टाके शाबूत आणि कड मात्र सुटलेली. म्हणून एक टाका २ सूत आत, पुढचा दीड सूत, मग पुन्हा २. थोडं वेडंवाकडं दिसलं तरी हरकत नाही. वेगवेगळ्या धाग्यांवर भार वाटला गेला पाहिजे. शिवणवर्गात सारख्या उंचीच्या टाक्यांना चांगले गुण मिळतात, ते वहीपुरतं ठीक आहे.

दोरा ओढताना तो कडेवर नुसता टेकला की थांबा. दर पाच-सहा टाक्यांनी कड दोन्ही हातांनी हलकेच ताणा. चुणी पडली असेल तर ती सरळ होते आणि दोऱ्याला हवी तेवढी ढील मिळते. टेबलावर ठेवून पाहा, कड सपाट बसली पाहिजे. ती आत वळत असेल तर दोरा घट्ट आहे.

गोलाईवर, म्हणजे मुंढ्याला किंवा गळ्याला, टाके आणखी जवळ हवेत, कारण तिथे कापड तिरकं-सरळ असं सारखं बदलत राहतं. जिथे धागे कडेला समांतर आहेत ते दोन-तीन इंच सगळ्यात आधी सुटतात. नीट पाहिलं तर ती जागा कळते. गोलाईला कात्रीचे काप द्यायचे असतील तर ते आधी देऊन मग तिरका टाका घाला, आणि प्रत्येक कापाच्या टोकाशी एक जास्तीचा टाका घ्या. कोपऱ्यावर एकाच भोकात तीन टाके: एक अलीकडे, एक टोकावरून, एक पलीकडे.

दोरा संपत आला की चार बोटं शिल्लक असताना थांबा. उलट बाजूला धावदोऱ्याच्या ओळीत दोन टाके मागे घेऊन तोडा. नवा दोरा तिथूनच दोन टाके मागे सुरू करायचा, म्हणजे सांध्यात फट राहत नाही.

कड दिसणार असेल तर

तिरका टाका आतल्या शिवणीसाठी. गरम कापडाची शाल, लोकरी पांघरूण, नॅपकिन, फेल्टचं खेळणं, अशी कड बाहेर दिसणार असेल तर काजटाका घ्या. हा डावीकडून उजवीकडे जातो, कड आपल्याकडे. सुई वरून कापडात घालून कडेच्या खाली काढायची आणि दोरा सुईच्या टोकाखालून घेऊन ओढायची. दर टाक्याला कडेवर दोऱ्याचा फास बसत जातो. हा फासच कडेवरून दोऱ्याची सलग दोरी तयार करतो, म्हणून घासली जाणारी कड याने जास्त टिकते. शर्टाचं काज याच टाक्याच्या भावंडाने करतात, फक्त तिथे टाके एकमेकांना चिकटून असतात. वेळ मात्र तिरक्या टाक्याच्या दुप्पट लागतो आणि दोराही तितकाच खातो. ब्लाउजच्या आतल्या शिवणींना काजटाका घालत बसणं मला तरी हौस वाटते.

कड लपवायची असेल तर

तलम कापडाला कडेवरून दोरा गुंडाळणं शोभत नाही, आरपार दिसतं. तिथे कड कापडातच गाडून टाकायची. फ्रेंच शिवण त्यासाठीच आहे आणि हाताने ती छान होते. दोन्ही भाग उलट बाजूला उलट बाजू लावून ठेवा, २ सुतांवर धावदोरा घाला, माया छाटून १ सूत ठेवा. मग भाग उलटवून सुलट बाजूला सुलट लावा, शिवण कडेला आणून इस्त्री करा आणि पुन्हा २ सुतांवर शिवा. ही दुसरी ओळ बखियाची हवी, कारण ओढ तिच्यावर येते. एकूण माया अर्धा इंच लागली. दशा दोन शिवणींच्या मध्ये बंद झाल्या. छाटताना आळस केला तर त्याच दशा सुलट बाजूने शिवणीतून डोकावतात, मग त्या काढता काढता नाकी नऊ येतात. सरळ शिवणीला ही पद्धत उत्तम. मुंढ्याला घेऊ नका, तिथे ती जाड आणि ताठ होते.

मुंढ्याला आणि गळ्याला उरेप पट्टी. टू बाय टूची, ४५ अंशांत कापलेली, १० सूत रुंद. पट्टी सुलट बाजूने शिवून, कडेवरून आत वळवून, आतल्या बाजूला हातशिलाईने बसवायची. खणाची पट्टी खणालाच लावू नका, काखेत टोचते. हातशिलाईत सुईने कापडाचे एक-दोनच धागे उचलायचे आणि मग दुमडीतून पाव इंच पुढे जायचं, म्हणजे सुलट बाजूवर टाक्याचा ठिपकाही दिसत नाही.

ओढणी आणि रुमालासाठी कडेची सुरळी. हे काम पाहायला अवघड वाटतं, पण करायला मजा येते. कड स्वच्छ कापून दीड सूत उलट बाजूला दुमडा. सुईने दुमडीच्या माथ्यावरून एक बारीक टाका, मग कापलेल्या कडेच्या लगेच खाली कापडाचा एक धागा, पुन्हा माथ्यावर, पुन्हा खाली, असं नागमोडी जायचं, दोरा सैल ठेवून. इंचभर झालं की दोरा हलकेच ओढा. कड आपोआप आत गुंडाळली जाऊन बारीक सुरळी होते आणि टाके दिसेनासे होतात. फक्त इथेच दोरा ओढायचा, बाकी कुठे नाही. फ्रान्सच्या एर्मेस कंपनीचे महागडे रेशमी स्कार्फ आजही असेच हाताने कड वळून पुरे केले जातात, आणि त्यांची सुरळी सुलट बाजूला वळलेली असते. आपल्याकडे पिकोचं यंत्र गल्लोगल्ली झाल्यापासून ही कला मागे पडली, पण शिफॉनच्या ओढणीला पिको ताठ तार लावल्यासारखा दिसतो हे मान्य करावं लागेल.

जाड लोकरी कापड दोनदा दुमडलं तर मनगटाएवढं होतं. ते एकदाच दुमडून हेरिंगबोन टाक्याने धरा. टाका कड ओलांडून वर-खाली फुल्या घालत जातो, त्यामुळे कड बांधलीही जाते आणि बसतेही. होजिअरीच्या टी-शर्टची उसवलेली घडी बसवायलाही हाच टाका, कारण ताणलं तरी तो तुटत नाही.

साडीच्या पदराचा प्रकार वेगळा. तिथे माया नसतेच. मागावरून उतरताना उभ्या धाग्यांची टोकं मोकळी राहतात, आणि त्यांना गाठी मारून गोंडे करण्याची जुनी पद्धत ही दिसायला सजावट असली तरी मुळात कड बांधणंच आहे. पैठणी किंवा इलकलच्या पदराला टोकं दोन इंच मोकळी असतील तर पंधरा-वीस धाग्यांची एक जुडी घेऊन कापडाला टेकेल अशी गाठ मारत जा. जुड्या सारख्या जाडीच्या असल्या की झालं. टोकं तोकडी असतील तर सुरळी करा. आतल्या, कमरेला खोचायच्या टोकाला मात्र फार डोकं लावू नका, साधी दुहेरी दुमड आणि हातशिलाई पुरते.

मेणबत्ती आणि गोंद

नायलॉनच्या फितीचं टोक मेणबत्तीवर धरलं की वितळून बंद होतं, हे आपण शाळेच्या रिबिनीपासून करत आलोय. पॉलिस्टर आणि नायलॉनपुरतं ते खरं आहे. सुती, रेशमी, रेयॉन कापड वितळत नाही, जळतं. आणि बाजारातल्या खणात किती सूत, किती रेशीम, किती पॉलिस्टर हे दुकानदारालाही नेमकं सांगता येईलच असं नाही, तेव्हा तो खेळ नको. अंगावर येणाऱ्या शिवणीला वितळलेली कड तशीही टोचते. पांढरा गोंद किंवा नेलपॉलिश तोरणाला, पिशवीच्या आतल्या कोपऱ्याला ठीक. धुण्याच्या कपड्याला लावलं तर कड आधी कडक होते, मग पिवळी, आणि मग तिथेच मोडते.

आधीच दशा निघाल्या असतील तर

कपाटातला खणाचा ब्लाउज बाहेर काढला आणि काखेशी माया टिपेपर्यंत संपलेली दिसली, तर तिच्यावर तिरका टाका घालून उपयोग नाही. धरायला कापडच उरलेलं नाही. ब्लाउजला सैलपणा असेल तर टीप दोन सूत आत घेऊन नव्या मायेची कड बांधा. नसेल तर टू बाय टूची दोन बोटं रुंद पट्टी उलट बाजूने अशी ठेवा की ती दोन्हीकडे शाबूत कापडावर अर्धा इंच तरी चढेल. तिच्या कडा आधी आत दुमडून घ्या. मग शाबूत भागावर दोन्ही बाजूंनी हातशिलाई, आणि मधल्या विरलेल्या जागेत कापडाच्या रंगाच्या दोऱ्याने बारीक धावदोऱ्याच्या चार-पाच ओळी, पट्टीसकट. टिपेच्या अलीकडे-पलीकडे दोन इंच जास्त जा, कारण दिसतं त्याच्यापुढेही कापड विरलेलं असतं. हे धुण्याच्या आधी करायचं, नंतर नाही. दुसऱ्या बाजूची काख त्याच वेळी उलटून पाहा, तिथेही तेच चाललेलं असतं.